काउंट कमी, मग कॅमेरा उत्तम?

लग्नसराई संपली की वापरलेल्या मिररलेस (आत आरसा नसलेल्या) कॅमेऱ्यांच्या बॉडी, म्हणजे लेन्सविना नुसते कॅमेरे, विकायला निघतात आणि माझ्याकडे तोच प्रश्न फिरून फिरून येतो: शटर काउंट, म्हणजे आजवर शटर किती वेळा उघडलं तो आकडा, किती असेल तर कॅमेरा घ्यावा? यावेळची काही पत्रं.

प्र. दुकानदार म्हणतो, मिररलेसमध्ये आरसाच नाही, म्हणून काउंट बघायची गरज नाही. खरं का?

आरसा नाही, पण सेन्सरसमोर (प्रकाश टिपणाऱ्या भागासमोर) उघडझाप करणारं शटर आहे. निकॉन झेड ८, झेड ९ आणि सोनी ए नाइन थ्री यांच्यात यांत्रिक शटर नाही. तुमची बॉडी यांपैकी नसेल तर काउंट बघा.

प्र. फाइलचा नंबर ०४२१० आहे. म्हणजे ४,२१० क्लिकच झाले ना?

नाही. ९९९९ नंतर नंबर पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो, शिवाय मेनूतून हवा तेव्हा रीसेट करता येतो.

प्र. विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर पाठवलेल्या फोटोतून काउंट निघेना, तेव्हा त्याने स्क्रीनशॉट पाठवला: ८,३००. चालेल?

तो स्क्रीनशॉट कुणाच्या कॅमेऱ्याचा, देव जाणे. व्हॉट्सॲपवर साधा फोटो म्हणून पाठवला की फाइलमधली ही माहिती गळून जाते, हे त्यालाही ठाऊक असतं. समोरासमोर भेटा, स्वतःचं कार्ड घाला, एक जेपेग काढा आणि ती फाइल जशीच्या तशी एक्झिफटूलमध्ये (फोटोच्या फाइलमधली माहिती दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये) उघडा. सोनी आणि निकॉनच्या बहुतेक बॉडींचा आकडा तिथे मिळतो. कॅननच्या आर मालिकेत तो सहसा फोटोत नसतो, तिथे सर्व्हिस सेंटरमधून काढून मागा. मुंबईच्या बोरा बाजारातून घ्या की ओळखीच्याकडून, बिलावर सीरियल नंबर आणि काउंट दोन्ही लिहून घ्या. लिहून द्यायला कां-कूं झाली तर चहा पिऊन परत या.

प्र. सोनी ए सेव्हन थ्री, काउंट फक्त २२ हजार. कंपनी शटरचं आयुष्य २ लाख क्लिक सांगते. मालक लग्नाचे व्हिडिओ करतो. डोळे मिटून घेऊ का?

उघडे ठेवा. सगळ्यात जास्त फसवणूक या ‘फक्त’मध्ये होते. २२ हजार हा फोटोंचा आकडा. व्हिडिओ चालू असताना शटर उघडंच राहतं; हळदीपासून वरातीपर्यंत रेकॉर्डिंग झालं तरी आकडा जागचा हलत नाही. जुना ट्रॅक्टर घेताना आपण किलोमीटर नाही, तास विचारतो, तसं इथे विचारायला हवं. एचडीएमआयचं पोर्ट हलतंय का, माइकचा जॅक खरखरतोय का, पाहा. शिवाय सगळा वेळ सेन्सर उघडा असतो. डीजेच्या लेझरचा झोत थेट त्यावर पडला असेल तर कायमचे ठिपके किंवा रेघा राहतात. लेन्सवर झाकण ठेवून एक फ्रेम काढा, आयएसओ (सेन्सरची प्रकाश-संवेदनशीलता) वाढवून दुसरी काढा, आणि दोन्ही मोठ्या स्क्रीनवर बघा.

आता शटर. शटरला पुढचा आणि मागचा असे दोन पडदे असतात, पातळ पात्यांचे. मेनूतून सायलेंट शूटिंग (शटर न हलवता फोटो काढणं) बंद करा, इलेक्ट्रॉनिक फ्रंट कर्टनही (पुढच्या पडद्याचं काम इलेक्ट्रॉनिक पद्धतीने करणारी सोय) बंद करा. ही सोय चालू असली तर पुढचा पडदा हलतच नाही आणि तुम्ही अर्ध्याच शटरची परीक्षा घेता. दिवसाउजेडी, एकसारखा प्रकाश असलेल्या कोऱ्या भिंतीवर १/८००० सेकंदाला लागोपाठ वीसेक फ्रेम काढा. दुकानातल्या एलईडीखाली नको, तिथे चांगल्या शटरलाही पट्टे दिसतात. या वेगाला दोन पडद्यांमधून एक बारीक फट सेन्सरवरून सरकत जाते. एक पडदा किंचित अडखळला तरी फट कमी-जास्त होते आणि फोटोची वरची किंवा खालची कड काळवंडते. १/६० ला तोच दोष दिसतही नाही, म्हणून विकणारा तुम्हाला घरातल्या उजेडात फोटो काढून दाखवतो! कॅमेरा थोडा वेळ न वापरता ठेवून द्या आणि पहिलीच फ्रेम नीट तपासा. चिकटणारी पाती तिथे पकडली जातात. शंका आली तर व्यवहार थांबवून सर्व्हिस सेंटर गाठा.

प्र. कॅनन आर सिक्स, काउंट १ लाख ६० हजार. फार झाला का?

कंपनी ३ लाख सांगते. ती एक्स्पायरी डेट नव्हे आणि हमीही नव्हे. वरची चाचणी पार पडली तर अशी बॉडी मी कमी काउंटवाल्या संशयास्पद बॉडीपेक्षा आधी घेईन. मात्र नवं शटर बसवायचा खर्च सर्व्हिस सेंटरला आधी विचारा, मग भाव करा. शटर बदललंय असं सांगितलं तर पावती मागा.

प्र. दोन महिन्यांपासून अधूनमधून शटर एरर येतो. बंद-चालू केलं की चालतो. दिवाळीनंतर दाखवला तर चालेल?

दोन महिने कशाची वाट पाहिलीत? पातं तुटलं तर त्याचा तुकडा सेन्सरवर घासू शकतो, आणि सेन्सरचा खर्च शटरच्या कितीतरी पट असतो. आजपासून एकही फोटो काढू नका आणि या आठवड्यात कॅमेरा दाखवा.

प्र. कॅमेरा बंद करून लेन्स काढली की शटरच्या पडद्यावर तेलकट डाग दिसतो. इअरबडने पुसू का?

बोट नको, इअरबड नको, डब्यातली दाबाची हवा तर मुळीच नको. पाती अतिशय पातळ असतात, एकदा वाकली की गेली. कॅमेरा अजून घेतला नसेल तर दुसरा बघा. घेतला असेल तर आहे तसाच सर्व्हिस सेंटरला न्या.