मोठ्या टेक कंपनीत फ्रंट-एंडच्या मुलाखतीला रिअ‍ॅक्ट ही जावास्क्रिप्ट लायब्ररी पक्की असली की पुरतं का?

नाही, नुसत्या रिअ‍ॅक्टवर भागत नाही. साधी जावास्क्रिप्ट आणि ब्राउझर आतून कसा चालतो हे पक्कं लागतं. मी अशा मुलाखती घेतो, आणि उमेदवार जास्त करून इथेच अडतात:

- लायब्ररीशिवाय डिबाउन्स (उदा. टायपिंग थोडं थांबल्यावरच फंक्शन चालवणं) किंवा प्रॉमिस.ऑल (अनेक प्रॉमिस, म्हणजे नंतर मिळणारी उत्तरं, एकत्र मिळवणं) लिहिणं
- सेटटाइमआउट आणि प्रॉमिसचं देन यांत आधी काय चालेल (देन, कारण मायक्रोटास्कची, म्हणजे प्रॉमिससारख्या कामांची, रांग टायमरच्या आधी रिकामी होते)
- सर्च बॉक्सखाली सूचनांची यादी बनवणं

या तिसऱ्यावर खरा वेळ घाला. यादी दिसते बहुतेकांची, पण आधी टाइप केलेल्या ‘पुण’चं उत्तर ‘पुणे’च्या उत्तरानंतर उशिरा पोचलं की जुनी यादी नव्या यादीवर चढते, हे सुटतं. अ‍ॅबॉर्टकंट्रोलर या ब्राउझरच्या सोयीने आधीची रिक्वेस्ट रद्द करा. माउसशिवाय, बाणांच्या कीने यादीत फिरता येतं का तेही तपासा. अ‍ॅक्सेसिबिलिटीचा (अपंग व्यक्तींनाही वापरता येईल का याचा) विचार कुणी आपणहून केला की मला मनापासून आवडतं. मात्र काही कंपन्या फ्रंट-एंडच्या जागेसाठीही ट्री, ग्राफ असे डेटा स्ट्रक्चरचे प्रश्न विचारतात, म्हणून कोणकोणत्या फेऱ्या आहेत ते रिक्रूटरला आधीच विचारून घ्या.