गूळ सोडून झुरळ का?

प्रश्न : महिनाभर मुंग्या गुळाच्या डब्याला लागल्या होत्या. आता त्याच वाटेने येतात, पण गुळाला शिवत नाहीत. ओट्याखाली मेलेलं झुरळ मात्र तासाभरात ओढून नेतात. मुंग्यांचीही चव पालटते का? (लातूर)

उत्तर : बिळात अळ्या वाढल्या की असं होतं. कामकरी मुंगीची कंबर इतकी बारीक की तिच्यातून घट्ट कण उतरतच नाही. तोंडाशीच एक गाळणीची पिशवी असते. कण तिथे अडतात, रस तेवढा आत जातो. धावपळीपुरतं तिचं साखरेवर भागतं. प्रथिनं लागतात ती अळ्यांना, वाढायचं असतं म्हणून, आणि राणीला, अंडी घालायची असतात म्हणून. तुमच्या झुरळाचे तुकडे बहुतेक अळ्यांपुढेच पडले असणार.

बाहेर फिरणाऱ्या मुंगीला हे कळतं कसं? हुकूम सोडणारं तिथे कुणी नाही, राणीसुद्धा नाही. मुंगीला स्वतःच्या पचनाच्या पोटाआधी एक साठ्याची पिशवी असते आणि दोन्हींमध्ये झडप. पिशवी भरून ती बिळात येते, जबडे फाकवते आणि तोंडाशी थेंब आणून उभी राहते. आतल्या मुंग्या भुकेल्या असतील तर थेंब लगेच संपतो. ती तडक पुन्हा निघते, वाटेवर ती सोडते तो वासही ताजा होतो. आतल्यांची पोटं गोडाने भरलेली असली तर घेणारी शोधत हिंडावं लागतं. फेऱ्या मंदावतात, वास उडून जातो आणि गुळाचा डबा ओस पडतो.

ऑड्री ड्युसुटूर आणि स्टीफन सिम्पसन यांनी 2009 साली ऑस्ट्रेलियातल्या हिरव्या डोक्याच्या मुंग्यांवर केलेलं काम इथे बघण्यासारखं आहे. नुसतं प्रथिनांनी गच्च अन्न दिलं, तेव्हा या मुंग्यांनी त्यातली साखर काढून घेतली आणि उरलेली प्रथिनं बिळाबाहेर टाकली. अशा अन्नावर अळ्या नसलेल्या वसाहतींत कामकरी मुंग्या जास्त मेल्या. म्हणजे अळी ही नुसती खादाड नव्हे. जादा प्रथिनं पचवणारं वसाहतीचं पोटच ते.

घरी पडताळून बघा. बाटलीची दोन सारखी झाकणं घ्या. एकात 1 चमचा साखर 4 चमचे पाण्यात विरघळवून त्यात भिजवलेला कापूस, दुसऱ्यात हरभऱ्याएवढा उकडलेल्या अंड्याचा तुकडा. मुंग्यांच्या रांगेपासून सारख्या अंतरावर, एकमेकांपासून वीतभर लांब ठेवा. 10, 30 आणि 60 मिनिटांनी मोजा. दुसऱ्या दिवशी झाकणांच्या जागा बदलाच, कारण जे आधी सापडतं तिकडे वास पडतो आणि गर्दी फसवी होते. एप्रिल-मेमध्ये हे सकाळी नऊच्या आत उरका. नंतर अंगणातली फरशी इतकी तापते की मुंगी बाहेरच पडत नाही.

प्रश्न : साखरपाण्यात बोरिक पावडर घालून ठेवली. पहिल्या दिवशी झुंबड, ताटलीभोवती मेलेल्या मुंग्या. दुसऱ्या दिवसापासून एकही फिरकली नाही. चार दिवसांनी पुन्हा रांग. (परभणी)

उत्तर : पावडर जास्त झाली. ताटलीजवळ मेलेली मुंगी म्हणजे वाया गेलेली मात्रा; तिने बिळात जाऊन थेंब वाटायला हवा होता. प्रमाण 1 टक्क्याच्या वर नको : अर्धा लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम साखर आणि 5 ग्रॅम बोरिक पावडर. चमच्याच्या अंदाजाने करू नका, वजन करा. कापूस भिजवून भोकं पाडलेल्या बंद डबीत ठेवा. लेकरांच्या आणि कुत्र्या-मांजरांच्या तोंडी जाता कामा नये. आपल्याकडच्या उन्हाळ्यात पाणी उडून प्रमाण आपोआप वाढतं, म्हणून कापूस रोज बदला. त्या रांगेवर फवारा किंवा खडू मारू नका, नाहीतर आमिषापर्यंत कुणी पोचणारच नाही. परिणाम दिसायला आठवडे लागतात. आणि वरच्या चाचणीत अंड्यालाच गर्दी असेल, तर गोड आमिष थोडं थांबवा.

प्रश्न : धारूरकडच्या माळावर सीताफळाची बाग आहे. पिठ्या ढेकणासाठी फवारलं की तेवढ्यापुरतं कमी होतं. मुंग्यांचा यात काय संबंध? (बीड)

उत्तर : फार मोठा. पिठ्या ढेकूण झाडाचा रस शोषतो आणि जादा साखर चिकट थेंबांनी बाहेर टाकतो. पानांवर काजळी धरते ती त्यावरच. वसाहतीला हा रोजचा गोडाचा रतीब, म्हणून मुंग्या ढेकणाची राखण करतात. त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंगेऱ्यांना हुसकावून लावतात.

जमिनीपासून फूटभर उंचीवर खोडाला 400 गेजच्या प्लास्टिकची वीतभर रुंद पट्टी गुंडाळा. दोन्ही कडा सुतळीने आवळा, सालीच्या खाचा चिखलाने लिंपून बुजवा. त्या फटींतूनच मुंग्या वर जातात. ग्रीस पट्टीवर लावा, सालीवर नाही. धूळ बसली की पुसून पुन्हा लावा. पट्टी लावूनही मुंग्या वर दिसत असतील तर जमिनीला टेकलेली फांदी किंवा खोडाला लागलेलं उंच गवत शोधा, हमखास तिथेच पूल सापडतो. वर आधीच बसलेला ढेकूण पट्टीने जात नाही. लदलेल्या फांद्या छाटून बागेबाहेर नष्ट करा. भुंगेरे सोडायचे तर मुंग्यांची ये-जा तुटल्यावरच, आणि मग रासायनिक फवारणी थांबवून.

प्रश्न : बांधावर मुंग्यांच्या बिळाभोवती गोल भुसा का साचतो? (हिंगोली)

उत्तर : त्या दाणे गोळा करणाऱ्या मुंग्या. गवताचं बी आत नेतात, सोलतात आणि टरफलं बाहेर फेकतात. पावसाने कोठार ओलं झालं तर दाणे उन्हात आणून वाळवतातही.