मागे राहिलेल्यांची स्थानबद्धता

प्रश्न : माझे वडील आणीबाणीत 'मिसा'खाली, म्हणजे खटल्याविना डांबून ठेवण्याच्या कायद्याखाली, सुमारे दीड वर्ष नाशिकरोडच्या कारागृहात स्थानबद्ध होते. आता ते हयात नाहीत. त्यांच्या पश्चात राज्य सरकारकडून मिळणाऱ्या मानधनासाठी अर्ज करू म्हटले, तर आई म्हणते, "जेलमा त्या व्हतात, मी ते घरमाच व्हती." (जेलमध्ये ते होते, मी तर घरातच होते.) त्या दिवसांविषयी ती एरवी बोलत नाही. तिला काय सांगावे?
– एक वाचक, अमळनेर तालुका

उत्तर : आईंना काही सांगण्याआधी त्या दीड वर्षाविषयी विचारावे, असे आम्हाला मनापासून वाटते. गुन्ह्यासाठी शिक्षा झालेल्याच्या घरचेही हाल होतात, पण तिथे सुटकेची तारीख ठाऊक असते आणि तिच्या भरवशावर पेरणीचा, उसनवारीचा हिशेब मांडता येतो. १९७१ च्या 'मिसा' कायद्यात आणीबाणीत झालेल्या दुरुस्त्यांमुळे अटकेची कारणे सांगण्याचे बंधनही उरले नव्हते. पुढे २८ एप्रिल १९७६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, अशा अटकेविरुद्ध बंदिप्रत्यक्षीकरणाची (कैद्याला न्यायालयापुढे आणून अटक कायदेशीर आहे का हे तपासण्याची) दाद आणीबाणीत मागता येणार नाही, असा निकाल दिला. याचा अर्थ घरच्या बाईला रोज सकाळी भोगावा लागे. सातबारा नवऱ्याच्या नावावर, सोसायटीचे कर्ज त्याच्या सहीचे, आणि सालदार ठेवायचा की जमीन निमबटाईने द्यायची, हे मात्र तो या हंगामात परतेल की नाही हे ठाऊक नसताना तिने ठरवायचे. 'बाबा कधी येतील' या मुलांच्या प्रश्नाला तिच्यापाशी खरे उत्तरच नसे.

मानधनाच्या नियमातही ही बाजू दिसत नाही. २०१८ च्या निर्णयाने महिन्याहून अधिक बंदिवास भोगलेल्यास दरमहा १०,००० रुपये, तर त्याच्या पश्चात पत्नीला ५,००० रुपये ठरले होते; २०२५ मध्ये या रकमा दुप्पट झाल्या. (योजना २०२० मध्ये थांबली आणि २०२२ मध्ये पुन्हा सुरू झाली.) पत्नीची गणना इथे वारस म्हणून होते, भोगणारी म्हणून नाही, याची आम्हाला खंत वाटते. तरीही अर्ज जरूर करावा. ते आईंच्या हक्काचे आहे.

धुळ्याच्या तुरुंगात १९३२ साली विनोबांनी दिलेली गीतेवरील प्रवचने साने गुरुजींनी टिपून घेतली, म्हणून ती आज आपल्यापाशी आहेत. कैद्यांच्या घरी त्या काळात काय बोलले गेले, ते टिपायला असे कोणी बसले नाही. आपण वही घेऊन आईंजवळ बसावे. 'कसे वाटले' असे न विचारता, त्या वर्षी शेतात काय पेरले, बियाण्याला पैसे कोणी दिले, जळगावला गाडी बदलून नाशिकरोडला भेटीला जाताना सोबत कोण होते, हे विचारावे.