उलंगवाडी

बापू,

परवा धुऱ्यावर बसून तू म्हणालास, "पाहू काका, अजून एक अटेम्प्ट देतो, मग ठरवू." मागच्या पोळ्यालाही हेच म्हणाला होतास, त्याच्या आदल्या पोळ्यालाही. एमपीएससी दे की वावर कर, मला दोन्ही सारखंच. माझा जीव तुटतो तो त्या 'मग' पायी. तारीख सांग. कोणत्या दिवशी थांबणार, ती तारीख.

तू बोलत होतास तेव्हा तुझ्यामागे कपाशीची जुनी पऱ्हाटी उभी होती. मार्च लागला, अन् उलंगवाडी नाही, पीक काढून वावर मोकळं केलेलं नाही! डिसेंबराअखेर उपटायला हवी होती. तुझे वडील म्हणाले असतील, एक वेचा निघेल अजून. मीही असंच म्हणायचो. 2017 च्या मार्चपर्यंत मी फरदड ठेवली, म्हणजे हंगाम संपला तरी जुनीच पऱ्हाटी राखली. विहिरीला पाणी होतं, वरचा दोन-अडीच क्विंटल कापूस घरात आला, मी खूश. त्याच वर्षी दिवाळीच्या सुमारास नव्या कपाशीचं बोंड हातात घेतलं. वरून हिरवंगार, भोकसुद्धा दिसेना. दाबून फोडलं तर आत गुलाबी अळी, सरकी पोखरलेली, रुई पिवळी अन् चिकट. ही अळी मुख्यतः कपाशीवरच जगते रे. चार-पाच महिने वावर कपाशीविना राहिलं की तिची साखळी तुटते. मी तुटू दिली नाही. त्या साली सगळ्या यवतमाळ जिल्ह्यात बोंडअळीनं थैमान घातलं, ते काही माझ्या एकट्यामुळे नव्हे. पण माझ्या वावरातली अळी मी पोसली होती, अडीच क्विंटलापायी.

कपाशीचं एक साल बुडालं. सातबाऱ्याचं दुखणं त्याहून लांबलं. माझे वडील गेल्यावर वारसांची नोंद करायची तर भावाशी हिस्स्याचं बोलावं लागणार होतं, आणि तोंड उघडायची माझी हिंमत होईना. लग्नसराई होऊ दे, पेरणी होऊ दे, आईची तब्येत सुधरू दे. नऊ वर्षं उताऱ्यावर मेलेल्या माणसाचं नाव! बँक पीककर्ज देईना, म्हणून सावकाराच्या दारात गेलो. भाऊ वाईट नव्हता. पहिल्याच वर्षी विचारलं असतं तर चहा पिता पिता मिटलं असतं. नवव्या वर्षी विचारलं तेव्हा दोघांच्याही पोटात नऊ वर्षांचं साचलेलं होतं.

शेवटी नोंद झाली त्याच महिन्यात सडकेकडचे माझे दोन एकर विकले अन् सावकाराला मोकळं केलं. गाव म्हणतं, घाई केली, आज भाव किती असता. भाऊ अजून ओट्यावर चढत नाही. नाही चढला तर नाही. त्या दोन एकरांचं मला दुःख आहे, पस्तावा नाही. व्याज रात्री झोपत नाही, हे गावाला काय माहीत? पुन्हा वेळ आली तरी विकेन, त्याच दिवशी विकेन.

असो, तुझं बोलत होतो. पाडव्याला सालगडी ठरतो. यंदा गडी ठेवायचा, वावर मक्त्यानं द्यायचं की तू उभा राहणार, यासाठी तुझे वडील तुझ्या तोंडाकडे पाहताहेत. ते विचारणार नाहीत, पोराचं मन मोडेल म्हणून. तू सांगत नाहीस, बापाचं मन मोडेल म्हणून. अरे, एका घरात दोघंही गप्प, अन् पाडवा तर येऊन ठेपला!

पुण्याला जायचं तर जा, पण शेवटची परीक्षा कोणती ते त्यांना तारखेनिशी सांग. राहायचं तरी सांग. रविवारी सकाळी मी बंडी अन् दोन माणसं पाठवतो. तू अन् वडील मिळून पऱ्हाटी उपटा, आणि उपटता उपटता बोला. मी येणार नाही.

तुझा काका