पद तिला देऊ केलंय, तुम्हाला नाही

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकल इंजिनिअर आहे. प्रेशर व्हेसल (दाबाखालचा वायू किंवा द्रव ठेवायची बंद भांडी) आणि टाक्या बनवणाऱ्या एका कंपनीत ती चार वर्षं डिझाइनचं काम करते. ती लागली तेव्हा कंपनी अगदी छोटी होती, आता झपाट्याने वाढते आहे. मालकांनी तिला बिझनेस मॅनेजर होण्याबद्दल विचारलं आहे. मला हे पटत नाही. ऑर्डरी आणायच्या, बिलांच्या मागे लागायचं, हे कोणीही करेल. तिचं इंजिनिअरिंग वाया जाईल. मॅनेजरच व्हायचं तर आधी एमबीए करावं आणि मोठ्या कंपनीत जावं. मी तिच्या मालकांना फोन करून 'तिला डिझाइनमध्येच ठेवा' असं सांगितलं. तिला हे माहीत नाही. मी योग्यच केलं ना? – एक आई

उत्तर : नाही ताई, योग्य केलं नाहीत. पत्रात बाकी बरंच आहे, पण मी त्या फोनपाशीच अडकलो.

तुमची मुलगी ज्या ड्रॉइंगवर सही करते, त्यावरून बनलेल्या भांड्यात दाब भरला जातो. त्या भांड्याच्या पत्र्याची जाडी ठरवताना ती चुकली तर माणसं मरू शकतात. एवढा भरवसा ज्या मुलीवर टाकला जातो, तिच्यासाठी तुम्ही वर्गशिक्षकांना करावा तसा फोन केलात. त्या मालकांच्या बाजूनेही बघा. मोठ्या ग्राहकासमोर बसून 'या किमतीत जमणार नाही' असं ठणकावून सांगू शकेल, असं वाटूनच त्यांनी तिला विचारलं असणार. तेवढ्यात घरून निरोप आला. उद्या तिने स्वतः नकार दिला तरी तो तुमचाच समजला जाईल, आणि होकार दिला तर 'आईला विचारलंस का' ही शंका त्यांच्या मनात राहील. तुमचा हेतू चांगला होता, यात मला शंका नाही. पण नुकसान तिचं झालंय.

मालकांकडून कळण्याआधी तुम्हीच तिला सांगा, आजच. ती चिडेल, चिडू द्या. आणि सारवासारव करायला मालकांना पुन्हा फोन लावू नका. ते ती निस्तरेल.

आता 'इंजिनिअरिंग वाया' जाण्याबद्दल. समजा, ऑर्डर घेऊन झाली, काम सुरू झालं आणि ग्राहकाच्या इंजिनिअरचा मेल आला : शेलची, म्हणजे भांड्याच्या मुख्य अंगाच्या पत्र्याची, जाडी ८ ऐवजी १० मिलिमीटर घ्या. डिझाइनने ड्रॉइंगची नवी रिव्हिजन काढली, परचेसने जाड प्लेट मागवली, वर्कशॉप कामाला लागलं. सगळ्यांनी आपापलं काम चोख केलं. शेलचं वजन २५ टक्क्यांनी वाढलं. जोडाची खाच खोल झाली, त्यामुळे वेल्डिंग त्याहूनही जास्त वाढलं आणि डिस्पॅच लांबला. किंमत मात्र जुनीच राहिली, वर उशिराचा दंड कंपनीच्या माथी. कारण हा बदल पैशांचाही आहे, हे बोलणं कोणाचंच काम नव्हतं. अकाउंट्सला ड्रॉइंग वाचता येत नाही आणि डिझाइनला किंमत कोणी विचारत नाही. मेल आला त्याच दिवशी 'बदल करतो, पण इतके पैसे आणि इतके दिवस वाढतील, लेखी मान्यता द्या' असं कळवतो तो बिझनेस मॅनेजर. ताई, हे काम 'कोणीही' करू शकत नाही. ज्याला ड्रॉइंग कळतं आणि करारही कळतो, तोच करतो.

कंपनी छोटी असते तेव्हा हे सगळं मालकाच्या डोक्यात असतं. वाढली की डोकं पुरत नाही आणि पैसाही पुरत नाही. प्लेट आज घ्यायची, पगार दरमहा द्यायचे. ग्राहक मात्र थोडा ॲडव्हान्स देणार, मोठा हिस्सा डिस्पॅचनंतर दोन-तीन महिन्यांनी देणार आणि शेवटचे १० टक्के टाकी बसून चालू होईपर्यंत अडकवून ठेवणार. ऑर्डरी दुप्पट झाल्या की अडकलेला पैसाही साधारण दुप्पट होतो. वहीत नफा आणि बँकेत खडखडाट, अशा अवस्थेत चांगल्या चालणाऱ्या कंपन्याही बसतात. म्हणून ऑर्डर आणण्याइतकंच, कोणती ऑर्डर घ्यायची नाही हे सांगणंही या माणसाचं काम असतं.

एमबीएच्या प्रवेश परीक्षा, कॅट असो की जीमॅट, दोन-तीन वर्षांनीही देता येतात, आणि तेव्हा हा अनुभव जमेचाच ठरेल. मोठ्या कंपनीत एस्टिमेट, करार, वसुली, प्लॅनिंग ही सगळी वेगवेगळी खाती असतात. तिथे तिच्या वाट्याला त्यातलं एकच येईल.

मला खटकतं ते वेगळंच, आणि ते तुमच्या पत्रात नाही. इथून पुढचं मुलीला वाचायला द्या.

तुला पद मिळतंय, पण अधिकार मिळतोय का? किती रकमेपर्यंतच्या कोटेशनवर तुझी सही चालेल, ते मालकांना विचार. प्रत्येक ऑर्डरचा प्रत्यक्ष खर्च तुला दिसणार का? दंडाला करारात कमाल मर्यादा नसेल, तर ऑर्डर नाकारण्याचा शब्द तुझा की त्यांचा? जुना ग्राहक थेट मालकांना फोन लावून पाच टक्के सूट पदरात पाडून घेत असेल, तर तुझ्या कोटेशनची किंमत कागदाएवढीच. ठरेल ते लेखी घे, आणि सहा महिन्यांनी डिझाइनमध्ये परतण्याची वाट मोकळी आहे ना, तेही.

हे काम तुला आवडेलच असं नाही. डिझाइनमध्ये दोन तास सलग डोकं घालून बसता येतं. इथे ते मिळणार नाहीत. अर्धा दिवस फोनवर जातो, त्यातला निम्मा वेळ लोकांना नकोशी वाटणारी गोष्ट सांगण्यात. डिझाइनमध्येच मुरत जाणं ही काही दुय्यम वाट नाही. फक्त नाही म्हणायचं तर ते तू म्हण.

ठरवण्याआधी मालकांकडे तोट्यात गेलेल्या एखाद्या ऑर्डरची फाइल माग. एस्टिमेट आणि प्रत्यक्ष खर्च शेजारी ठेवून फरक कुठे पडला ते शोध. ते शोधताना वेळेचं भान राहिलं नाही, तर पद घे. कंटाळा आला, तर डिझाइन सोडू नकोस. आणि मालक ती फाइल दाखवायलाच तयार नसतील, तर त्यांना बिझनेस मॅनेजर नको आहे, वसुलीला माणूस हवा आहे.