पहिल्या आवृत्तीपूर्वी उरलेल्या कामांचा हिशेब

प्रश्न : आम्ही काही विद्यार्थी पावसाच्या आकडेवारीवरून नकाशे व आलेख काढणारी, पायथन या संगणकीय भाषेतील एक लायब्ररी (इतरांनाही आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरता येईल असा तयार कोड) बनवीत आहोत. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांचे नकाशे तीतून निघतात. मात्र पहिल्या आवृत्तीपूर्वी करावयाच्या कामांची यादी संपतच नाही. काही नोंदी वहीत आहेत, तर काही व्हॉट्सॲपवर. कोणत्या कामासाठी थांबावे आणि कोणते पुढे ढकलावे?
— एक वाचक, परभणी

उत्तर : सर्व नोंदी आधी एका जागी आणा. कोड गिटहबवर, म्हणजे कोड ठेवण्याच्या व एकत्र काम करण्याच्या संकेतस्थळावर, असेल तर प्रत्येक कामाचा स्वतंत्र इश्यू (कामाची नोंद) उघडून तो पहिल्या आवृत्तीच्या माइलस्टोनला (एका टप्प्यातील नोंदींच्या गटाला) जोडावा, म्हणजे काय उरले हे कोणाला विचारावे लागत नाही. काम पूर्ण झाले असे केव्हा म्हणायचे, हेही त्या नोंदीतच लिहावे. ‘नकाशा सुधारणे’ ही नोंद कधीच मिटत नाही. ‘रंगपट्टीवर (कोणता रंग म्हणजे किती पाऊस हे सांगणाऱ्या पट्टीवर) मिलिमीटर हे एकक दिसावे’ ही मिटते.

थांबायचे कशासाठी, याची माझी पहिली कसोटी अशी, की ती त्रुटी राहिल्यास चित्र पाहणाऱ्याची दिशाभूल होईल का. भारतीय हवामान विभागाच्या ०.२५ अंश अक्षांश-रेखांशांच्या जाळीवरील दैनंदिन पावसाच्या आकडेवारीत, जेथे माहिती नाही तेथे उणे ९९९ हा आकडा असतो. तो वगळला नाही, तर रंगपट्टी तेथूनच सुरू होते आणि जालन्यातील ५ मिलिमीटर व हिंगोलीतील ६० मिलिमीटर पाऊस जवळपास एकाच रंगात दिसतो. एखाद्या पर्जन्यमापकाची नोंदच नसताना तेथे शून्य धरणे त्याहून घातक आहे, कारण पाऊस झालेला असूनही नकाशावर खंड पडल्यासारखे दिसते, आणि ऐन सोयाबीनच्या हंगामात अशा नकाशावर कोणी विसंबले तर त्याचे परिणाम शेतकऱ्याला भोगावे लागतात. अशी एकही नोंद उघडी असताना आवृत्ती प्रसिद्ध करू नये, मग ठरलेली तारीख टळली तरी चालेल.

दुसरी कसोटी नंतरच्या बदलाची आहे. फंक्शनांची नावे, त्यांना द्यावयाच्या माहितीचा क्रम आणि मूळचे (वापरणाऱ्याने काही न निवडल्यास आपोआप येणारे) रंग एकदा लोकांच्या वापरात गेले की ते बदलताना त्यांचे काम मोडते. आलेख काढणारी मॅटप्लॉटलिब ही पायथनमधील लायब्ररी २००३ पासून वापरात आहे. तिचा ‘जेट’ हा मूळचा रंगपट दिशाभूल करतो हे माहीत असूनही तो बदलून ‘विरिडिस’ आणायला २०१७ मधील २.० ही आवृत्ती यावी लागली. म्हणून रंगांचा निर्णय आताच घ्या आणि लाल-हिरव्यातील फरक न ओळखणाऱ्यांनाही तो नकाशा वाचता येतो का, हे पाहा.

वेग वाढवणे, त्रिमितीय चित्रे, नवे फाइल प्रकार ही सारी कामे निःशंकपणे पुढच्या माइलस्टोनमध्ये टाकावीत.

पहिल्या आवृत्तीला १.० म्हणण्याची घाई नको. क्रमांकनाच्या रूढ नियमानुसार ०.१.० म्हटले की पुढे बदल होऊ शकतात, हे वापरणाऱ्याला कळते. पायथनच्या लायब्रऱ्या जेथून सर्वांना मिळतात त्या पायपीआय या भांडारावर एकदा चढवलेल्या फाइलचे नाव, ती काढून टाकली तरी, पुन्हा वापरता येत नाही; त्यामुळे आधी टेस्टपायपीआय या त्याच्या सरावासाठीच्या वेगळ्या भांडारावर चढवून पाहावे. त्यानंतर तुमच्या गटाबाहेरील एखाद्याला, उदाहरणार्थ वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या एखाद्या मित्राला, केवळ तुमची लेखी माहिती वाचून आपल्या संगणकावर लायब्ररी बसवून एक नकाशा काढायला सांगावे. तो जेथे अडेल, तेथील काम याच आवृत्तीच्या यादीत घ्यावे.