भूगोल कुणी बुडवला?

प्रिय पोरी,

अनेक आशीर्वाद.

तुझा मेल मिळाला. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात तुला दहा मिनिटं बोलायचंय, विषय 'अमेरिकन माणसाला जग किती कळतं', आणि त्यासाठी माझ्याकडून किस्से हवेत. मी ओहायोतल्या कम्युनिटी कॉलेजात इतकी वर्षं भूगोल शिकवतेय, म्हणजे माझ्याकडे पोतंभर किस्से असणार, असा तुझा हिशेब. आहेतच. पण देणार नाही. तुझ्या रूममेटने दुबई भारतात आहे का विचारलं, हा किस्सा तुझा तुझ्याकडे आहे, तेवढा पुरे. आणखी दोन-चार सांगितलेस तर हॉल खो-खो हसेल, मंडळी बटाटेवडे खाऊन घरी जातील, आणि मेलच्या शेवटी तू जे विचारलंयस, "यात दोष नक्की कुणाचा?", ते तसंच राहील. त्यावर बोल. मालमसाला मी पुरवते.

आधी आकडे नीट घे, कारण या विषयात लोक वाट्टेल ते आकडे ठोकून देतात. २००७ साली मिस टीन यूएसए स्पर्धेत एका मुलीला विचारलं होतं की, पाचातल्या एका अमेरिकन माणसाला जगाच्या नकाशावर आपला देश सापडत नाही, असं का होत असेल? पोरगी गडबडली. आपल्याकडे काही लोकांकडे नकाशेच नाहीत, असं काहीतरी म्हणून इराक आणि दक्षिण आफ्रिकेत शिरली ती बाहेरच येईना. तो व्हिडिओ जगभर फिरला. प्रश्नातला आकडा मात्र फारसा कुणी तपासला नाही. नॅशनल जिओग्राफिकने २००२ मध्ये १८ ते २४ वयाच्या मुलांची पाहणी केली होती. तिच्यात अमेरिका न सापडलेले अमेरिकन ११ टक्के होते. २००६ च्या पाहणीत ६ टक्के. वीस टक्के नव्हे. दुसऱ्याच्या अज्ञानावर बोलताना आपला आकडा चुकला तर फार वाईट दिसतं, म्हणून म्हणते.

खरे आकडेही काही कमी वाईट नाहीत. २००२ च्या पाहणीत नऊ देश होते आणि ५६ प्रश्न. स्वीडनच्या मुलांची सरासरी ४०, अमेरिकेची २३. खाली फक्त मेक्सिको, २१ वर. कॅनडा नि ब्रिटनही तिशीच्या आतच होते, हे सांगायला विसरू नकोस. त्या नऊ देशांत भारत नव्हता. आपण परीक्षेलाच बसलो नव्हतो, आणि तुझ्या बॅचला तर याची सवयच आहे. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला नि तुमचा दहावीचा एकच पेपर उरला होता, तो भूगोलाचा. तो रद्द झाला, बाकीच्या विषयांच्या सरासरीने मार्क मिळाले आणि त्यावर रडलेलं एकही पोर मी ऐकलं नाही.

आता दोष. मला विचारशील तर गोष्ट विद्यापीठांपासून सुरू होते, आणि त्यासाठी तुला दुसऱ्या महायुद्धात जावं लागेल. २३ फेब्रुवारी १९४२ ला राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट रेडिओवर बोलणार होते. त्यांनी लोकांना आधीच सांगून ठेवलं की, जगाचा नकाशा समोर घेऊन बसा, मी बोलेन तसं त्यावर बघत जा. दुकानांतले नकाशे भराभर खपले. स्वयंपाकघरातल्या टेबलावर नकाशा पसरून लोक पॅसिफिकमधली बेटं शोधत बसले. म्हणजे त्या मिस टीनवाल्या पोरीचं उत्तर १९४२ सालापुरतं अगदी बरोबर होतं: घरात नकाशा नव्हता, आणल्यावर बघितला. त्याच वर्षी नाताळात रूझवेल्ट आणि चर्चिल या दोघांना लष्कराने पन्नास इंच व्यासाचा एकेक पृथ्वीगोल भेट दिला. युद्धातल्या हेरखात्याचा अख्खा नकाशा विभाग होता आणि त्याचा प्रमुख आर्थर रॉबिन्सन हा तरुण भूगोलज्ञ होता. भूगोलाला या देशात इतका मान आधी नव्हता, नंतरही मिळाला नाही.

आणि युद्ध संपून तीन वर्षं होतात न होतात तोच, १९४८ मध्ये, हार्वर्डने आपला भूगोलाचा कार्यक्रम बंद केला. पैशाची अडचण होती, माणसांची आपसातली भांडणं होती, आणि विद्यापीठाचे अध्यक्ष जेम्स कॉनंट यांचं मत असं झालं की भूगोल हा विद्यापीठात शिकवायचा विषयच नाही. डर्वेंट व्हिटलसी हे तिथले एकमेव पूर्ण प्राध्यापक हात चोळत राहिले. तू म्हणशील, एका विद्यापीठाने काय होतं? हार्वर्डने जे फेकलं ते पुढे इतरांना फेकायला सोपं गेलं. मिशिगनने १९८२ मध्ये विभाग बंद केला, कोलंबियाने १९८६ मध्ये. विद्यापीठात विभाग नाही म्हणजे भूगोलाचा पदवीधर नाही, म्हणजे शाळेला भूगोलाचा शिक्षक नाही. इथल्या शाळांत १९१६ पासूनच इतिहास, नागरिकशास्त्र, भूगोल हे सगळं 'सोशल स्टडीज' नावाच्या एका पिशवीत कोंबायला सुरुवात झाली होती. ती पिशवी शिकवायला येतो तो बहुतेक इतिहासवाला. दुपारनंतर तोच फुटबॉलचा कोच असतो, हा इथला जुना विनोद आहे, आणि माझ्या वर्गातली निम्मी मुलं तो ऐकून हसत नाहीत, "हो, आमचे कोचच होते," म्हणतात.

हार्वर्डने २००६ मध्ये भौगोलिक विश्लेषणाचं एक केंद्र काढलं, बरं का. उपग्रह, संगणक, नकाशांचे थर वगैरे. विभाग मात्र अजून नाही.

शाळांचं पुढचं थोडक्यात सांगते, ते तुला कुठेही वाचायला मिळेल. इथे देशभरचा एक अभ्यासक्रम नाही, शिक्षण राज्यांकडे. २००२ मध्ये जॉर्ज बुश यांनी 'नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड' कायद्यावर सही केली, आणि तिसरी ते आठवी दरवर्षी वाचन आणि गणिताची परीक्षा सक्तीची झाली. शाळेची अब्रू त्या दोन विषयांवर. कायद्यात भूगोलाचं नाव मुख्य विषयांत होतं, पण त्यातला स्वतंत्र निधी नसलेला एकमेव विषय तोच. मग व्हायचं ते झालं. २०१५ मध्ये सरकारच्याच लेखापरीक्षण कार्यालयाने अहवाल दिला की, आठवीच्या निम्म्याहून अधिक शिक्षकांनी सोशल स्टडीजच्या वेळातला दहा टक्के किंवा त्याहून कमी वेळ भूगोलाला दिला. राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या मुलांपैकी भूगोलात 'प्रवीण' ठरणारी २०१४ ला २७ टक्के होती, २०१८ ला २५. यावर उपाय काय केला माहितेय? २०१९ मध्ये ती भूगोलाची चाचणीच पुढच्या वेळापत्रकातून काढून टाकली. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर खिडकीबाहेर फेकला.

आता तू म्हणशील, शाळेत नाही शिकवलं तर माणसाने स्वतः शिकू नये का? इथे मी जरा थांबते, कारण तुझ्या मेलमधला राग मला इथेच दिसला.

आमच्या संध्याकाळच्या वर्गात गोदामात काम करणारी, ट्रक चालवणारी, रात्रपाळीच्या नर्सिंगला जाणारी माणसं येतात. पहिल्या दिवशी मी जगाचा कोरा नकाशा वाटते आणि सांगते, जे माहीत आहे ते लिहा, मार्क नाहीत. एका वर्षी मागच्या बाकावर एक माजी सैनिक होता. त्याच्या कागदावर युरोप कोरा, आफ्रिका कोरी. पण आशियात बारीक अक्षरात एक ओळ: कराची, चमन, स्पिन बोल्दाक, कंदाहार. सगळं जागच्या जागी. मधून एक रेघ ओढलेली. विचारलं तर म्हणाला, "आमचं सामान त्या रस्त्याने यायचं, मॅम. कंटेनर अडकले की आम्हीही अडकायचो." मी कराचीच्या उजवीकडे बोट ठेवून विचारलं, इथे काय आहे? तो नकाशाकडे बघत राहिला आणि म्हणाला, "तिकडचं कधी काम पडलं नाही." पाकिस्तान हे नावही त्याने कुठे लिहिलं नव्हतं.

याला तू अडाणी म्हणशील? कंदाहारचा रस्ता मला तरी त्याच्याइतका सांगता येणार नाही. काम पडलं तेवढा भूगोल त्याला आला. आणि या देशाचं सगळं असंच आहे. न्यूयॉर्कहून लॉस एंजेलिसपर्यंत साडेचार हजार किलोमीटर गाडी हाकली तरी नोट बदलत नाही, भाषा बदलत नाही, फोनला नवं सिम लागत नाही. पुण्याहून बेळगावपर्यंत गेलं तरी पाट्यांची लिपी बदलते. दोन बाजूंना दोन महासागर, वर कॅनडा, खाली मेक्सिको. पासपोर्ट साधारण निम्म्याच लोकांकडे. शाळेच्या भिंतीवरच्या काही जुन्या नकाशांत अमेरिका बरोबर मध्यभागी यावी म्हणून आशियाचे दोन तुकडे केलेले असायचे: चीन डाव्या कडेला, आपण उजव्या. असा नकाशा बघत वाढलेल्या मुलाला भारत चीनच्या शेजारी आहे हे कळायचं कसं?

पण ही सबब मी अर्धीच मान्य करते. ज्या देशाचं सैन्य डझनावारी देशांत तळ ठोकून आहे, त्या देशाच्या मतदाराला 'काम पडलं नाही' म्हणता येत नाही. काम त्याच्याच नावाने चाललेलं असतं. इराकवर हल्ला होण्याच्या काही महिने आधीच्या त्या २००२ च्या पाहणीत इराक नकाशावर दाखवू शकणारे तरुण १३ टक्के होते. युद्ध तीन वर्षं चालून झाल्यावर, २००६ मध्ये, ३७ टक्के. म्हणजे युद्धानेच थोडंफार शिकवलं, आणि तेही तिघांपैकी दोघांना नाही. २०१४ मध्ये रशियाने क्रिमिया घेतला तेव्हा तीन राज्यशास्त्रज्ञांनी दोन हजारांवर अमेरिकन लोकांना नकाशावर युक्रेन दाखवायला सांगितलं. सहांतल्या एकाला जमलं. काहींचे ठिपके अमेरिकेतच पडले. यात हसण्यासारखं आहे खरं, पण त्याच पाहणीतलं पुढचं वाच: ठिपका खऱ्या युक्रेनपासून जितका दूर, तितका लष्कर पाठवायला पाठिंबा जास्त. तुझ्या भाषणाचा कणा हा कर. दुबई भारतात आहे असं वाटणाऱ्या तुझ्या रूममेटमुळे कुणाचं काही बिघडत नाही. पण बॉम्ब कुठे पडणार ते ठाऊक नसताना हो म्हणणाऱ्यांचा हिशेब वेगळा मांडावा लागतो, आणि त्यांच्याहून कडक हिशेब त्यांच्या नेत्यांचा. रेगन १९८२ मध्ये ब्राझीलला गेले आणि जेवणाच्या वेळी 'बोलिव्हियाच्या जनतेच्या' नावाने पेला उंचावून बसले. तू दहावीला अख्खं वर्ष भारत आणि ब्राझील शेजारी-शेजारी ठेवून शिकलीस, तुझ्याकडून ही चूक व्हायची नाही. पेपर झाला नाही तरी.

दोन सूचना, न मागता. रस्त्यावर लोकांना नकाशा दाखवून फजिती करणारे व्हिडिओ मंडळात लावू नकोस. त्यांत किती जणांनी बरोबर उत्तर दिलं ते कापलेलं असतं. आणि 'आपल्या मुलांना बघा' हा सूर लावायचा मोह होईल. नॅशनल जिओग्राफिकची शालेय भूगोल स्पर्धा २०१२ ते २०१९ सलग आठ वर्षं भारतीय वंशाच्या मुलांनी जिंकली, हे सभागृहात कुणीतरी काका उठून सांगणारच. सांगू दे, कौतुकाचंच आहे. फक्त ती मुलं अमेरिकन आहेत आणि अमेरिकेतल्याच शाळांत शिकलेली आहेत, हे त्यांना हळूच आठवण करून दे. बक्षीस मिळालं की भारतीय आणि नकाशा चुकला की अमेरिकन, असं चालायचं नाही.

सुरुवात कशी करावी हेही विचारलं होतंस. तू बोलायच्या आधी प्रत्येक खुर्चीवर ईशान्य भारताचा कोरा नकाशा ठेव, पेन्सिलीसकट. राज्यांच्या सीमा आखलेल्या, नावं नाहीत. आसामला लागून सात राज्यं आहेत, ती भरा म्हणावं, वेळ तीन मिनिटं. पुण्यात शिकायला आलेल्या मणिपूर-नागालँडच्या मुलांना 'चिनी' म्हणून हाका मारलेल्या मी माझ्या कानांनी ऐकल्यात, त्यातले काही हाका मारणारे आज इथे ग्रीनकार्ड घेऊन बसलेत. कागद गोळा करू नकोस, कुणाचे किती आले ते विचारू नकोस. त्यातलं पश्चिम बंगाल बहुतेकांना सुचणार नाही, तेवढं उत्तर तू सांग आणि सरळ रूझवेल्टवर ये.

कोरे नकाशे माझ्याकडे आहेत, पीडीएफ पाठवते. छापताना 'फिट टू पेज' करायला विसरू नकोस, नाहीतर त्रिपुरा कापला जातो.

तुझी,
काकू